आतला पॅड

नट आधी सैल कर, चाक जमिनीवर असतानाच.
उचललेल्या गाडीचं चाक फिरत राहतं नुसतं,
मग बसशील त्याच्याशी फुगडी घालत –
हे वडील सांगतात स्वयंपाकघराच्या खिडकीतून,
नाकात ऑक्सिजनची नळी, ओट्यावर चहाचा कप.
अंगणात उतरायला सहा पायऱ्या आहेत.
सहाच.

ब्लायनायमध्ये सपाट जागा म्हणजे चैन.
मागे पाटीच्या दगडाचा ढीग, पुढे उतार,
उताराच्या पायथ्याशी बंद चॅपल, तिथे रस्ता वळतो.
मागच्या चाकांना दगड लावले,
जॅकखाली एक जाड फरशी सरकवली,
कदाचित त्यांनीच कधी खाणीत फोडलेली.
या गावात हात लावावा ते
कुणाच्या तरी बापानं फोडलेलं असतं.

तीन आठवडे गाडी किंचाळत होती.
रात्रपाळी संपवून मी येते पहाटे साडेसहाला,
वळणावर ब्रेकवर पाय ठेवला की
शेजारच्या इडवलचा दिवा लागायचा.
"डुकरं कापतेस का गं, नेस्टा, कामावरून येता येता?"
मी बघितलं होतं, आऱ्यांतून बॅटरी मारून:
बाहेरचा पॅड चांगला जाड होता.
म्हटलं, काढेल हिवाळा.

कॅलिपरचा खालचा बोल्ट हलेना.
"पान्याला पाइप लाव," खिडकी म्हणाली.
"जोर नको करू. वजन टाक."
टाकलं. कड् – बोल्ट सुटला, मी बुडावर.
खिडकीत हसू, हसण्याच्या मागोमाग खोकला.
मी पाना धरून उभी,
दोन्ही संपेपर्यंत.

"लोंबकळू देऊ नकोस त्याला नळीवर!
ब्रेकची नळी आहे ती, वाळत घालायची दोरी नव्हे."
बांधायला तार नाही, सुतळी नाही.
ते वाकले. बराच वेळ दिसले नाहीत.
मग खिडकीतून नाडी आली, उजव्या बुटाची.
घरातल्या घरात बूट कशाला घालता,
हे मी कधी विचारलं नव्हतं.

आणि आतला पॅड हातात आला.
त्यावर काही उरलंच नव्हतं. नुसता पत्रा.
"पिन अडकली असणार," ते म्हणाले, न बघताच,
"सगळा भार आतल्यावर. बाहेरचा आपला उभा."
डिस्कवर एक चर, नख अडकेल न अडकेल असा.
"एप्रिलपर्यंत चालेल," म्हणाले.
मग थोडं थांबून, "एप्रिलपर्यंतच."

पिन उपसली, गंज घासला, ग्रीस लावलं.
टाकीचं झाकण उघडून, जुना पॅड मध्ये धरून
शिकंजा आवळत गेले; पिस्टन आत, तेल वर.
"सावकाश. सांडलं तर रंग खाईल."
उजवं चाक चाळीस मिनिटांत झालं.
त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

"थांब, निघू नकोस. आधी पेडल मार."
पहिल्यांदा पाय थेट तळाला गेला,
खाली कुणीच नव्हतं.
दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. माझ्या पोटात खड्डा.
सातव्यांदा
पायाखाली कुणीतरी उभं राहिलं.

सोमवारी पहाटे वळणावर पाय ठेवला.
गाडी थांबायची तशी हळू झाली, गुपचूप.
इडवलचं घर काळोखात.
आमच्या स्वयंपाकघरात दिवा होता,
ओट्यावर दोन कप, किटली भरलेली, गार,
आणि ते खुर्चीत, बूट घालून, रागावलेले:
"केव्हा आलीस? मला ऐकू आली नाहीस."

"उद्यापासून हॉर्न देईन."
"नको. इडवल उठेल."
त्यांनी किटलीचं बटण दाबलं.
मी खिशात हात घातला, नाडी तिथेच होती,
ग्रीसनं काळी, कडक.
परवा चाकापाशी बसले होते तशी खाली बसले
आणि ओवायला घेतली,
खालच्या भोकापासून.